देवीसमोर जिप्सीची बोली

आमच्या गावात लिलाव कोण पुकारते? लटारू पुकारते. लटारू म्हणजे मी, अन् हे मी छाती फुगवून सांगत असतो, कारण छाती फुगवाले माह्याजवळ दुसरं फारसं काही नाई.

शारदा देवीच्या विसर्जनाच्या दिवशी, मूर्ती ट्रॅक्टरवर चढवाच्या आधी, देवीची साडी, कलशावरचा नारळ, पूजेतली फळं यायची बोली लागते. आमच्या गावची ही बोली पैशात नाई, धानात लागते. एक पायली, दोन पायली, रंगात आली तं पायलीहून मोठ्या मापावर, कुडोवर जाते. फेड लगेच नाई. धान निघाला, मळणी झाली, की माणूस आपणहून पोतं आणून मंडळाच्या कोठीत ओतते. तगादा नाई, सही नाई, अंगठा नाई. दोन कायदे मात्र सगळे पाळतात. कोणतीही वस्तू मुकी जाऊ द्याची नाई; कोणीच बोललं नाई तं तो देवीचा अपमान, म्हून गरज असो-नसो, शेजाऱ्यानं तोंड उघडाचं. अन् एखाद्या बाईनं पदर पुढं धरून बोली केली, तं समजाचं की तिले ती वस्तू खरंच पायजे. तिच्यावर मंग कोणी चढत नाई.

माही खासियत म्हणजे 'दोनवार'. एकवार कोणीही म्हणते. तीनवार म्हणाले अक्कल लागत नाई. पण दोनवार म्हणून थांबाचं, मान फिरवाची, एकेकाच्या डोळ्यात पाहाचं अन् त्याले वाटू द्याचं की हा नारळ गेला तं आपलं घरदार गेलं, हे काम फक्त लटारूचं. एका वर्षी माह्या दोनवारमध्ये इतवारीनं पान लावलं, खाल्लं, थुंकून आला अन् मंग बोली वाढवली. इतवारी म्हणजे माहा लंगोटीयार, जंगलाच्या रोडवर त्याचा पानठेला आहे, अन् मंडळाचा अध्यक्षही तोच. तं सांगाचं हे, की लिलाव काय असते ते मले कोणी शिकवाचं काम नाई, असा माहा समज होता. त्या समजाची कशी चटणी झाली ते आता ऐका, अन् मधात हसू नका. मले राग येते.

माह्याजवळ एक जिप्सी होती. उघडी, हिरवी, मागं पाहुण्यायले उंच शिटा अन् पकडाले लोखंडी दांडा. ताडोब्याच्या गेटावर मी ती चालवत होतो. पुण्या-मुंबईचे, विलायतेचे लोक तिच्यात बसून गेले. त्यायच्या कॅमेऱ्याचे नळकांडे माह्या डोस्क्यावर टेकलेले राहत. वाघाच्या भेवानं सांबर ओरडलं, म्हणजे कॉल झाला, की मी इंजन बंद करून गाडी उतारावर नुसती घरंगळू देत होतो. वाघ दिसला की पाहुणे माह्याच पाठीवर थाप मारत, जसा का वाघ मीच घरून डब्यात भरून आणला. अन् मीही मान खाली घालून 'अरे, त्यात काय' असं करत होतो. वाघाले बिचाऱ्याले कोणी थाप मारली नाई.

मंग एक दिवस जुन्या गाड्या गेटात घ्याच्या नाई असं झालं. मी दुसऱ्याच्या नव्या गाडीवर ड्रायव्हर लागलो अन् माही जिप्सी घराच्या शेडात उभी राह्यली. मी रोज सकाळी तिले फडकं मारू. चहा तिच्यातच बसून पिऊ. धक्का मारल्याबिगर ती सुरू होत नव्हती, पण होत होती. माही बायको रंजीता तिले सवत म्हणत होती. हसत म्हणत होती, म्हून मीही हसत होतो. पोरगी असतानी बापाचा ट्रॅक्टर धानाच्या चिखलात चालवलेली बाई आहे ती, पण माह्या जिप्सीच्या स्टिअरिंगले मी तिले हात लावू दिला नाई. क्लच खराब होते म्हणे. म्हणे म्हणजे मीच म्हणत होतो.

आता खरी गोष्ट. आमच्या गावात चक्की नाई. बाया डोक्यावर डबा घेऊन नाला ओलांडून दुसऱ्या गावाले दळाले जातात. तिथी करंटची लाईन गेली तं डबा ठेवून परत येतात अन् दुसऱ्या दिवशी पुन्हा जातात. रंजीता लग्न होऊन आली त्याच आठवड्यात डबा तिच्या डोक्यावर चढला, तो काही उतरला नाई. या वर्षी बायायच्या बचत गटाले पीठ गिरणी मिळाली. चालवाची कोणी, असं विचारल्यावर सगळ्या बायायनं रंजीताचं नाव घेतलं. त्या दिवशी ती घरी आली अन् भाजीत दोनदा मीठ टाकलं. एवढी खुश मी तिले आपल्या लग्नातही पाह्यली नव्हती.

मशीन आली. रस्त्यालगत, मीटरच्या जवळ, अशी जागा घरात एकच, जिप्सीचं शेड. म्हून मशीन खोक्यासकट झोपाच्या खोलीत ठेवली अन् आमी दोघं तिच्या बाजूनं पाय दुमडून झोपू लागलो. रोज सकाळी माहा अंगठा खोक्यावर आपटत होता. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी गटाच्या मॅडम पाहाले येणार होत्या. तवापर्यंत शेडात चक्की बसली नाई तं ती उचलून दुसऱ्या गावच्या गटाले देणार. यात न समजाजोगं काहीच नव्हतं. शेड रिकामं झालं तं चक्की रंजीताची, नाई तं गेली.

"अवो, गाडी काढा न."

"काढतो न. गिऱ्हाईक पाहून राह्यलो."

"कुठी पाहून राह्यले? गाडीत बसून?"

तुमी म्हणाल, बाहेर कुठी उभी कराची होती. घरासमोर लगेच रस्ता आहे. पण इतवारीच्या पानठेल्यामागं बोरीचं मोठं झाड आहे, त्याच्याखाली जागाच जागा. आता हे मी तुमालेच सांगून राह्यलो, की ऊन लागंल, रंग जाईल, बकऱ्या शिटा खातील, या भेवानं मीच इतवारीच्या कानात सांगून ठेवलं होतं, "रंजीतानं विचारलं तं नाई म्हण." त्यानं बिचाऱ्यानं इमानदारीनं नाई म्हटलं.

शेवटी गाडी मोबाईलवरच्या लिलावात टाकाचं ठरवलं. चौकातल्या दलालाले द्याले मन होत नव्हतं. जुन्या गाड्यायचे लिलाव करणारा एक ॲप होता. लिलाव म्हटल्यावर माही कॉलर अशीच ताठ झाली.

पयले फोटो काढाचे होते. आता माणूस जन्मभर जे पाहते तसेच फोटो काढते. पाहुणे वाघाचे फोटो काढतात तसे मी गाडीचे काढले. सकाळचं कोवळं ऊन पाह्यलं, तुरीच्या झाडामागं उकिडवा बसलो, अन् पानायच्या फटीतून नेम धरला. एका फोटोत हेडलाईट दिसत होता अन् बाकी तूर. एक तं गेटावरचा जुनाच फोटो घेतला, त्याच्यात वाघ होता अन् कोपऱ्यात बोनेटचा तुकडा. रंजीतानं पाह्यले अन् विचारलं, "वाघ इकून राह्यले का?" मंग तिनंच गाडीसमोर उभं राहून, सरळ, चारही बाजूनं फोटो काढले. मी म्हटलं, कला नाई यात. ती म्हटली, गाडी आहे.

पुढं माहिती भराची होती. गाडीत काही बिघाड आहे का? मी लिहिलं, नाई. रंजीता पाठीमागं उभी. "धक्क्याबिगर सुरू होत नाई ते लिवा." मी लिहिलं, 'सकाळच्या टायमाले जराशी लाजते.'

दोन दिवसांत फोन आला. "भाऊ, जिवतीवरून पवन बोलून राह्यलो. गाडी चढावर ओढते का जी?"

"ओढते का म्हणजे? कायले पायजे तुमाले?"

"डोंगरावरच्या गुड्यायवर, लहान लहान वस्त्यायवर, बाजार नेतो मी. कांदे, मीठ, तेल. येतानी सोयाबीन आणतो, कधी एखादी बाळंतीण. पावसाळ्यात ऑटो चढत नाई तिकडं."

कांदे! माह्या कानात तेवढंच राह्यलं. ज्या शिटावर विलायती मडम बसून गेली, तिथी कांद्याचं पोतं. पवन दुसऱ्याच दिवशी फटफटीवर आला. डोंगरातला साधा, हसरा पोरगा. गाडीखाली घुसला, स्प्रिंगचे पाटे पाह्यले, ठोकून-बजावून पाह्यलं. रंजीतानं त्याले चहा दिला, त्याच्या गुड्यावर चक्की आहे का ते विचारलं, अन् तो गेल्यावर म्हणाली, "माणूस चांगला आहे. देऊन टाका."

"अवं, लिलाव आहे तो! लिलावात बोलीनं घ्याचं असते."

पवननं घरी जाऊन बोली लावली. रास्त होती. आणखी कोणाचीच आली नाई. मी दिवसातून शंभरदा मोबाईल उघडू, तं पवन एकटाच. कांदेवाल्याची एक बोली अन् बाकी सामसूम. जन्मात असा मुका लिलाव मी पाह्यला नव्हता. गेटावर गाडी चालवू लागलो तरी मन तिकडंच. पाहुणे वाघ दाखवत होते अन् मी मोबाईल पाहून राह्यलो होतो. अपमान कोणाचा झाला? गाडीचा नाई, ती शेडात मस्त होती. माहाच झाला.

मंग मी ते केलं जे आमच्या गावच्या माणसाबिगर कोणाच्या डोस्क्यात येणार नाई. देवीच्या मंडळाचा मोबाईलवर ग्रुप आहे. अर्धं गाव त्याच्यात. मी गेटावर एका बाजूले गेलो, घसा खाकरला, अन् पुकाराच्या अस्सल आवाजात मेसेज बोलून टाकला. "बोला हो बोलाऽऽ! लटारूची जिप्सी, वाघानं नजर लावलेली जिप्सी, मुकी जाऊन राह्यली होऽऽ! गावची इज्जत जिवतीले चालली! कोणी हाय का नाई?"

अन् खाली ॲपची लिंक चिकटवली.

संध्याकाळी घरी येतो तं बोली उड्या मारून राह्यली होती. पवनवर कोणीतरी चढलं, त्याच्यावर दुसरं, त्याच्यावर तिसरं. ॲपवर पूर्ण नावं दिसत नव्हती, पयलं अक्षर अन् पुढं फुल्या. मले वाटलं, नागपूर जागं झालं, हैदराबाद जागं झालं. मंडळाच्या ग्रुपवर मी मेसेज टाकला होता हे त्या खुशीत मी साफ विसरलो. खोटं कायले बोलू, विसरलो नव्हतो. आठवण आली तवा तिले बस म्हटलं मागच्या शिटावर.

पवननं दोनदा बोली वाढवली अन् थांबला. त्याचा फोन आला. "भाऊ, एवढं मले झेपत नाई. तुमच्या गाडीले मोठं गिऱ्हाईक लागलं, चांगलं झालं जी." अन् मी त्याले काय म्हटलं? म्हटलं, "चालते बेटा, लिलावात हार-जीत होतच राहते." असा थोर माणूस मी.

"कोण घेऊन राह्यलं?" रंजीतानं विचारलं.

"मोठमोठे लोक आहेत."

"कोणीही घेवो. चक्की बसली पायजे."

"बसलीच समज."

अष्टमीले लिलाव बंद झाला. मी अन् इतवारी पानठेल्यावर मोबाईल मधात ठेवून पाहून राह्यलो होतो. मले वाटलं, आता एकवार होईल, दोनवार होईल, काही मजा येईल. कायचं काय! नुसतं टिंग वाजलं. झाला लिलाव. जिंकणाऱ्याचं नाव, 'गि' अन् पुढं फुल्या. "गिरीश असंल," मी म्हटलं. "पुण्याचा असंल." इतवारी कात लावत राह्यला, काही बोलला नाई. तवाच मले शंका याले पायजे होती, कारण इतवारी चूप बसणारा माणूस नाई. घरी जाऊन रंजीताले सांगतलं, गिरीशसाहेबांनी घेतली.

दोन दिवसांनी ॲपवाल्यायच्या ऑफिसातून फोन आला. माह्या हाताले ग्रीस होतं, म्हून रंजीतानं फोन मोठ्या आवाजावर लावून धरला. पोरगी मोठी गोड बोलत होती.

"सर, आपल्या वाहनाच्या विजेत्या बोलीदारांशी आमचं बोलणं झालं. त्या म्हणतात की पेमेंट मळणीनंतर करतील."

"मळणी?" मी म्हटलं.

"हो सर. आणि त्या विचारत आहेत की एकूण किती पायल्या झाल्या. सर, पायली हे पेमेंटचं कोणतं ॲप आहे का?"

रंजीताच्या हातात फोन तसाच राह्यला. मी म्हटलं, "नाई मॅडम, ते माप आहे." पुढं तिनं सांगतलं की बाकीच्या बोलीदारांनीही हेच उत्तर दिलं, सगळे एकाच गावचे निघाले, त्याच्यानं हा लिलाव रद्द झाला अन् माहं खातंही बंद करून राह्यले. धन्यवाद सर, आपला दिवस शुभ जावो.

गि म्हणजे गिरजाबाई. आमच्या आळीतली म्हातारी, मोहफुलं वेचते, दर वर्षी देवीच्या नारळावर पयली बोली तिचीच राहते. मी धावत तिच्या घरी गेलो.

"माय, तू काऊन बोली केली वं?"

"तूच तं सांगतलं न बापू, मुकी जाऊन राह्यली म्हून. नातीच्या मोबाईलवर तुया आवाज ऐकला, मले वाटलं देवीच बोलावून राह्यली."

"अवं, पण गाडी घेऊन तू काय केलं असतं?"

"नारळ घेऊन तरी काय करतो मी? मान राखतो न माणसाचा." अन् वरून विचारते, "काऊन रे, कमी बोलली का मी?"

आता हिच्यावर रागवाचं कसं? इतवारीवर रागवाले गेलो, तं तो म्हणते, "तुया घसा बसंपर्यंत तू पुकारलं, आमी काय झोपा काढाच्या होत्या?" गावानं माहा मान राखला होता. सगळ्या गावानं मिळून, जीव लावून, माह्या बायकोची चक्की घालवली होती. अन् गावाले भरीले कोणी घातलं? आरसा पाहाचं कामच नाई.

घरी आलो. रंजीता भांडली असती तं बरं झालं असतं. मी भांडाची तयारी करूनच आलो होतो, दोन-तीन उत्तरं रस्त्यातच जुळवली होती. ती खोलीत खोक्याले टेकून खाली बसली होती.

"मले वाटलं होतं," ती म्हणाली, "या घरात एक गोष्ट तरी माही होईल."

मले स्वतःची इतकी चीड आली की जेवाले बसलो नाई. म्हणजे दोन पोळ्या खाल्ल्या, पण रोजच्यासारखं जेवलो नाई. पवनले फोन लावाले हातात मोबाईल घेतला अन् ठेवून दिला. ज्याले 'हार-जीत होतच राहते' म्हटलं, त्याले आता काय म्हणू? जीत परत घे म्हणू?

विसर्जनाचा दिवस उजाडला. दुसऱ्या दिवशी मॅडम येणार. माहं मन बोली पुकाराले तयार नव्हतं, पण उभा राह्यलो. फळं गेली, साडी गेली, नारळ गिरजाबाईनंच घेतला. ट्रॅक्टर येऊन उभा होता, पोट्टे गुलाल उधळाले निघाले होते. तवा बायायच्या गर्दीतून रंजीता उठली.

"एक वस्तू राह्यली."

"कोणती?" इतवारीनं विचारलं.

"जिप्सी."

सगळे हसले. ती नाई हसली. "गावानं तिची बोली मोबाईलवर केली न? मंग आता देवीसमोर करा. इथी बोललेलं फिरत नाई."

हसू थांबलं. मोबाईलवर जे जे माईचे लाल चढले होते ते आपापल्या पायाचे अंगठे पाहू लागले. इतवारीनं माह्याकडं हात केला. म्हणजे पुकार. माह्याच गाडीची बोली, माह्याच तोंडानं. मी म्हटलं, "बोला." आवाज असा निघाला जसा काही मीच उधारीवर आणला. कोणी बोललं नाई. पुन्हा म्हटलं. ट्रॅक्टरचं इंजन तेवढं वाजत होतं. जे मी सगळ्या गावाले टाळाले सांगतलं होतं तेच देवीसमोर होऊन राह्यलं होतं. वस्तू मुकी चालली होती.

रंजीता समोर आली, अन् तिनं पदर पुढं धरला.

"एक पायली पीठ," ती म्हणाली. "माह्या चक्कीचं, पयलं."

आता सगळ्यायले समजलं. गाडी शेडातून निघाली नाई तं चक्की नाई, चक्की नाई तं पीठ नाई, अन् मंग देवीले दिलेला शब्द खोटा. तिनं मले असं बांधलं होतं की हलाले जागा नव्हती.

"एकवार," मी म्हटलं.

"दोनवार."

अन् मी थांबलो. आदत आहे, असं मी नंतर सांगतलं. आदत नव्हती. मले खरंच वाटत होतं की कोणीतरी चढावं. पदराची बोली आहे हे मालूम असूनही मी इतवारीकडं पाह्यलं, मागच्या पोट्ट्यायकडं पाह्यलं. मंग पाहाले दुसरं कोणी राह्यलं नाई, म्हून तिच्याकडं पाह्यलं. पदर तिनं दोन्ही हातात ताणून धरला होता, अन् त्याच्यावर, डोक्यावर येते त्या जागी, डब्याच्या बुडाचा गोल काळा डाग होता. रोज माह्यासमोरून जाणारा डाग. धुवूनही न गेलेला.

"अबे लटारू," गिरजाबाई ओरडली, "पदर पुढं आहे. तोंड उघड!"

"तीनवार," मी म्हटलं, अन् मले रडू आलं. लोकायनं समजलं गुलाल गेला डोळ्यात. मी तसंच समजू दिलं.

रंजीतानं तिथीच मोबाईल काढला. पवनचा नंबर तिच्याजवळ चहाच्या दिवसापासून होता. "भाऊ, गाडी आता माही आहे. कांदे न्याले पायजे का? तुमची पयली बोली होती तेवढ्यातच देतो." तो परवा येतो म्हणाला. तिनं मंग इतवारीले विचारलं, दोन दिवस गाडी कुठी ठेवू.

"माह्या बोरीखाली ठेव न," इतवारी भोळेपणानं म्हणाला.

"तुमी तं नाई म्हटलं होतं न भाऊ?"

इतवारीनं माह्याकडं पाह्यलं. रंजीतानं माह्याकडं पाह्यलं. मी देवीकडं पाह्यलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, ज्यायनं मोबाईलवर बोली वाढवली त्यायनंच धक्का मारून जिप्सी शेडातून बाहेर काढली. सुरू झाली. मी स्टिअरिंगवर बसलो, तं रंजीता मागच्या उंच शिटावर चढून बसली.

"तू कुठी?"

"माही गाडी आहे. बोरीपर्यंत बसतो मी. चालवा."

तवा माह्या ध्यानात आलं. साऱ्या दुनियेले मी त्या शिटावर बसवलं, हिले एकदाही नाई. मले लाज वाटली. मी हळू चालवली, खड्डे चुकवून, विलायती पाहुण्यायसाठी चालवत होतो तशी. गाव संपलं, जंगलाचा रोड लागला, अन् डावीकडं बांबूत सांबर ओरडलं. माह्या हातानं आपोआप इंजन बंद केलं. गाडी घरंगळत उभी राह्यली. मी मान वळवून हळूच म्हटलं, "कॉल होऊन राह्यला. हलू नको. दिसंल."

"अवो," ती दांड्याले धरून तितक्याच हळू म्हणाली, "मागं कोणते साहेब बसले आहेत? वायरमन येऊन राह्यला. चालवा."

चाबी फिरवली. गाडी ढिम्म. धक्का माराले गावातले लोक मागं राह्यलेले.

रंजीता खाली उतरली, पुढं आली, अन् मले म्हणाली, "उतरा." ती स्टिअरिंगवर बसली. मी "क्लच..." एवढंच म्हटलं अन् तिनं असं पाह्यलं की मी मागं जाऊन गाडीले खांदा लावला. वाघ बांबूत असंल तं त्यानं मले पाह्यलं असंल, अन् पयल्यांदाच त्याचं पोट भरून मनोरंजन झालं असंल.

"तयार?" पुढून आवाज आला. "एकवार! दोनवार!"

दोनवार तिनं अजिबात ताणलं नाई. लगेच "तीनवार!" म्हणाली, मी जोर लावला, तिनं क्लच सोडला, अन् जिप्सी सुरू झाली. ती गाडी हळू चालवत राह्यली, थांबवली नाई, थांबली तं पुन्हा धक्का लागला असता. मी धापा टाकत बाजूनं पळत होतो.

"चढा लवकर," ती समोर पाहत म्हणाली. "मागं."

मी मागच्या शिटावर चढून बसलो अन् दांडा पकडला.